शून्य म्हणजे वायच थांब

भाऊकाकांचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या मीटिंगमध्ये माइक बंद करून बसले होते.

"गो बाय, तुजा ता डबडा रात्री उसासो टाकता."

डबडा म्हणजे त्यांच्या कोळंबीच्या तळ्यावर मी बसवलेली पेटी. देवगड तालुक्यात वाघोटणच्या खाडीला लागून आमचं जुनं खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन आहे, तिथे काकांची दोन तळी आहेत. पेटीने मिनिटामिनिटाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, नोंद ठेवायची, आणि तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या आसपास घसरला की एरेटर, म्हणजे पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारी चाकं, चालू करायचा, एवढंच तिचं काम. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, कोळंबी आणि तळाचा गाळ सगळे मिळून तो खातात. म्हणून ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो तो पहाटे, उजाडायच्या जरा आधी. कोळंबी दगावते तीही तेव्हाच. काका हंगामात घरी झोपतच नाहीत. तळ्यावरच्या मांगरात झोपतात, आणि एरेटरच्या चाकांचा पाण्यावरचा फटफट आवाज चालू असला तरच त्यांचा डोळा लागतो. आवाज थांबला की जाग. माझ्या पेटीतल्या कुठल्याही सेन्सरपेक्षा ही यंत्रणा जुनी आणि भरवशाची.

"उसासो म्हणजे कसो?"

"दोन वाजान गेले की चाक गप होता. धा आकडे मोजीपर्यंत परत फिराक लागता. मगे वायच येळान परत गप. असा दोनदा. रोज नाय हां. लायट जाता आणि जनरेटर लावतंय, त्या रातीक हटकून."

मी लगेच जनरेटरवर खापर फोडलं. व्होल्टेज हलत असेल, म्हटलं, स्टॅबिलायझर बघूया. काका 'बरा' म्हणाले. त्यांच्या 'बरा'त माझ्यावर विश्वास नव्हता, हे मला फोनवरही कळलं.

आता पेटीच्या पोटात काय आहे ते सांगायला हवं.

कॉर्टेक्स-एम४ जातीची एक चिप, तिला १९२ किलोबाइट रॅम. गणपतीच्या आरतीचा फोनवर काढलेला एक फोटोही यात मावायचा नाही. तेवढ्या जागेत दोन मोठी बिऱ्हाडं राहतात. एक नेटवर्कचा स्टॅक, म्हणजे इंटरनेटशी बोलण्याचे सगळे रीतिरिवाज जाणणारा कोड. नाव लाइटवेट आयपी, लिहिताना एलडब्ल्यूआयपी. स्वीडनच्या संगणकशास्त्र संस्थेत असताना ॲडम डंकल्स यांनी तो लिहिला, आणि नंतर जगभरच्या लोकांनी तो वाढवला. टीसीपीचे, म्हणजे इंटरनेटवर डेटा न हरवता क्रमाने पोचवायच्या रीतीचे, जे नियम सप्टेंबर १९८१ मध्ये छापले गेले, ते सगळे सुमारे ४० किलोबाइट कोडमध्ये आणि काही दहा किलोबाइट रॅममध्ये बसवणं ही साधी गोष्ट नव्हे. दुसरं बिऱ्हाड फ्रीआरटीओएस. ही रिचर्ड बॅरी यांनी सुरू केलेली इवलीशी ऑपरेटिंग सिस्टीम, २०१७ पासून ॲमेझॉनच्या छत्राखाली आहे. कुठल्या कामाला केव्हा चिप द्यायची, कोणी थांबायचं, कोणी पुढे जायचं, ते ही ठरवते.

हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. एलडब्ल्यूआयपी लिहिणाऱ्यांनी मुद्दामच ठरवलं की आपण कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव घ्यायचं नाही. त्यांनी फक्त मागण्यांची यादी दिली. एक सेमाफोर हवा, म्हणजे 'झालं' असं सांगायची खूण. एक म्यूटेक्स हवा, म्हणजे एका वेळी एकानेच हात लावायची सोय. चिठ्ठ्या टाकायला मेलबॉक्स हवा. वेगळा थ्रेड, म्हणजे बाकीच्यांपासून स्वतंत्र चालणारं काम, सुरू करता यायला हवा. आत्ता किती मिलिसेकंद झाले ते कोणीतरी सांगायला हवं. आणि दोन ओळी पुऱ्या होईपर्यंत 'कोणी मध्ये येऊ नका' असं बजावता यायला हवं. या मागण्या तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या भाषेत पुरवणाऱ्या फाइलला तिथे सिस-आर्च म्हणतात. अडीच-तीनशे ओळी, फार नाही. (ऑपरेटिंग सिस्टीम नसली तरी एलडब्ल्यूआयपी चालतो. तसं एकदा सांगून टाकलं की यातलं बहुतेक काही न मागता एकट्याने संसार करतो. मला त्याचा तो स्वभाव जास्त आवडतो, पण आमच्या पेटीत कामं अनेक, त्यामुळे एकट्याचं भागलं नसतं.)

पुण्यातले नवे इंजिनिअर मला विचारतात, हा सिस-आर्चचा मधला लेअर म्हणजे नक्की काय, तेव्हा माझ्या तोंडात साकव येतो. त्यांच्यातल्या निम्म्यांना साकव माहीत नसतो.

आमच्या वाडीतून शाळेत जाताना व्हाळ लागायचा. उन्हाळ्यात दगडावर पाय ठेवत कोरडंच पलीकडे जायचं. पण मिरग लागला की व्हाळ भरायचा, म्हणून त्याआधी वाडीतले पुरुष माडाची दोन आणि पोफळीचं एक खोड आडवं टाकून साकव घालायचे. एका अंगाला चिव्याच्या काठीचा कठडा, सुंभाने आवळलेला. आमच्या बाजूची दरड उंच, पलीकडची सखल. त्यामुळे साकव नेहमी उतरता, आणि जाताना वाटे तसा येताना नसे. पावसात शेवाळ धरलं की पोरं त्यावरून बसून सरकत. दुरुस्तीचा प्रश्न निघाला की आमची वाडी म्हणे, पलीकडचं टोक खचलंय, ते त्यांचं. पलीकडची वाडी म्हणे, साकव तुम्ही घातलात. सिस-आर्चचंही हुबेहूब हेच आहे. स्टॅकवाले म्हणतात, पोर्ट करणं, म्हणजे तुमच्या सिस्टीमशी जुळवून घेणं, तुमचं काम. ऑपरेटिंग सिस्टीमवाले म्हणतात, आम्ही तर फक्त सेमाफोर देतो. मधली तीनशे ओळींची खोडं कोणाच्याच सातबाऱ्यावर नाहीत.

आणि दोन्ही काठांची उंची वेगळी, हा मुद्दा तर सगळ्यात महत्त्वाचा. एलडब्ल्यूआयपी वेळ मोजतो मिलिसेकंदात, फ्रीआरटीओएस मोजते टिकांमध्ये, म्हणजे तिच्या घड्याळाच्या ठोक्यांमध्ये. सेकंदाला १०० टिक असतील तर एक टिक १० मिलिसेकंदांची. अलीकडून कोणी '५ मिलिसेकंद थांब' म्हटलं आणि तुम्ही सरळ भागाकार केलात, तर पलीकडे पोचतं शून्य. मेलबॉक्समध्ये चिठ्ठी टाकायचे फ्रीआरटीओएसमध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. नेहमीच्या कामांनी पुढच्या दाराने यायचं, इंटरप्टने, म्हणजे हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेने, मागच्या. इंटरप्ट चुकून पुढच्या दाराने शिरला तर दहा दिवस काही होत नाही, अकराव्या दिवशी घर कोसळतं. म्यूटेक्सच्या जागी साधा सेमाफोर वापरला तरी कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, हूं का चूं करत नाही. पण म्यूटेक्समध्ये वारसाहक्काने प्राधान्य चढतं, सेमाफोरमध्ये नाही, आणि मग खालच्या कामाने धरलेल्या कुलपापाशी वरचं काम ताटकळत राहतं. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर असंच पुन्हापुन्हा रीसेट होत होतं. तिथल्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टीममधला तो प्राधान्य चढवायचा पर्याय बंद राहिला होता. पृथ्वीवरून संदेश पाठवून तो चालू केला. कोट्यवधी किलोमीटरवरून एक बटण. मला देवगड तालुक्यात एसटीने जायचं होतं, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

काकांकडे पोचले तेव्हा पाऊस लागलेला आणि लाइट गेलेली होती. जनरेटर मांगराच्या मागे धडधडत होता. मी लॅपटॉप पेटीला जोडला, काकांनी गोधडी आणि कोरा चहा दिला. व्होल्टेज तासभर पाहिलं. एकदम सरळ रेघ. जनरेटर निर्दोष सुटला.

रात्री २ वाजता पुण्याचा सर्व्हर पेटीला हाक मारतो आणि दिवसभराच्या नोंदी मागतो. १४४० नोंदी, प्रत्येकी ३२ बाइट, म्हणजे ४६०८० बाइट. पेटी त्या फ्लॅशमधून, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून, वाचून ५१२ बाइटच्या ९० तुकड्यांत पाठवते. त्या रात्री ११ तुकडे गेले. बाराव्याला पडद्यावर हार्डफॉल्टची, म्हणजे चिपने हात टेकल्याची, ओळ आली, चाक गप झालं, आणि अंधारात काका म्हणाले, "ह्यो बघ उसासो."

चिप अशी अडकली की वॉचडॉग तिला झटका देऊन पुन्हा उठवतो. मी त्याला राखणदार म्हणते. ठरलेल्या वेळी त्याचा नैवेद्य पोचला नाही की तो कोपतो आणि सगळं पहिल्यापासून मांडायला लावतो. मांडामांड होईपर्यंत रिले, म्हणजे पेटीच्या हातातला एरेटरचा स्विच, सुटलेला, म्हणून एरेटर बंद. (रिले सुटला तरी एरेटर चालूच राहील अशी जोडणी मी आधीच करायला हवी होती. ते त्याच रात्री, स्क्रू ड्रायव्हर तोंडात धरून, आधी केलं.) सर्व्हरला जोडणी तुटल्याचं कळायचं, थोड्या वेळाने तो एकदाच पुन्हा प्रयत्न करायचा, म्हणून उसासे दोन. आणि पुण्यात सकाळी अहवालात लिहून यायचं, 'जोडणी तुटली'. ते वाचून कोणीही, मीसुद्धा, म्हणायची, कोकणातलं नेटवर्क, दुसरं काय. ही सबब आम्ही इतक्या गोष्टींना लावतो की तिच्याखाली काय काय दडलंय देव जाणे.

पडद्यावर जी नोंद उमटली होती तिच्यात एक पत्ता होता. नेटवर्कचा थ्रेड मेमरीतल्या त्या पत्त्यावरून काहीतरी उचलायला गेला आणि तोंडावर पडला. असे वेडेवाकडे पत्ते दिसले की ते अक्षरं म्हणून वाचून पाहायची सवय असते. मी वाचले. '४.८' आणि पुढे एक मोकळी जागा. तो पत्ता नव्हताच. तो तळ्यातला ऑक्सिजन होता.

म्हणजे पत्ता जिथे लिहिला होता ती जागा कोणीतरी मधल्या वेळात नोंदीसाठी वापरली होती. हे कसं होतं ते पंगतीवरून सांगते. तुम्ही पानावर बसलात, वाढप्याला भात आणायला सांगितलंत. तो मुदपाकखान्यात गेला. रीत अशी की भात येईपर्यंत तुम्ही पानावरून उठायचं नाही. तुम्ही उठलात, तुमचं पान उचललं गेलं, तिथे कोणीतरी आपला शर्ट घडी करून ठेवला. वाढपी इमानाने परत आला आणि त्याने त्या जागेवर भात वाढला. वाढप्याची चूक काय?

एलडब्ल्यूआयपीमध्ये डेटा पाठवायचा तर तुमचं काम आपल्याच स्टॅकवर (हा नेटवर्कचा स्टॅक नव्हे, कामाची स्वतःची तात्पुरती मेमरी) एक चिठ्ठी मांडतं, तिचा पत्ता मेलबॉक्समधून नेटवर्कच्या थ्रेडला देतं आणि सेमाफोरपाशी थांबतं. किती थांबायचं? तिथे आकडा असतो शून्य. एलडब्ल्यूआयपीच्या काठावर शून्य म्हणजे 'वेळेचं बंधन नाही, होईपर्यंत थांब'. फ्रीआरटीओएसच्या काठावर शून्य म्हणजे 'अजिबात थांबू नको, असेल तर घे, नसेल तर चालू लाग'.

तोच आकडा, तोच प्रकार, तेवढेच बिट. कंपायलरला दोन्हीकडे शून्यच दिसतं.

काकांचं 'वायच थांब' मी लहानपणापासून ऐकतेय. वायच म्हणजे थोडंसं. पण होडीवर जायचं असेल तर 'वायच थांब' म्हणजे भरती येईपर्यंत, पावणे उठले असतील तर चहा पिऊन होईपर्यंत, आणि जमिनीच्या वाटपाचा विषय असेल तर पुढच्या पिढीपर्यंत. माझ्या पुणेरी नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदा काकांनी 'वायच थांब, इलंय' म्हटलं, तो बिचारा घड्याळ बघत पाच मिनिटं थांबला आणि निघून गेला. काका दोन तासांनी फणस घेऊन आले आणि रुसले. कोणाचं चुकलं होतं? शब्द तर दोघांनी एकच ऐकला.

सिस-आर्चची फाइल उघडली. मेलबॉक्सच्या फंक्शनमध्ये शून्याची खास दखल घेतलेली होती, शून्य आलं तर कायम थांब. त्याच्या वीस ओळी खाली सेमाफोरचं फंक्शन. तिथे शून्य तसंच पलीकडे ढकललेलं. फाइलच्या माथ्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि माझं नाव. पुण्यातल्या घरी, लॉकडाउननंतरच्या कुठल्यातरी उन्हाळ्यात लिहिलेली. वीस ओळींच्या मध्ये काय झालं असेल आठवत नाही. बहुधा कुकरची शिट्टी.

पण तीन वर्षं चाललं कसं? मला याचंच जास्त आश्चर्य वाटलं, आणि उत्तर मिळालं तेव्हा दोष सापडल्यापेक्षा मोठा धक्का बसला. नेटवर्कच्या थ्रेडला प्राधान्य वरचं दिलेलं आहे. चिठ्ठी मेलबॉक्समध्ये पडते न पडते तोच तो उठतो, काम उरकतो, सेमाफोर उंचावतो. आपलं काम सेमाफोरपाशी पोचेपर्यंत तो तयारच असतो. शून्य थांबूनही मिळतो. म्हणजे या फंक्शनवर कधी खरोखर थांबायची वेळच आली नव्हती. थांबावं लागतं फक्त पाठवायची बफर भरली तर. पाठवलेला डेटा पलीकडून 'मिळालं' अशी पोच येईपर्यंत या बफरमध्ये राखून ठेवावा लागतो. आमची बफर १४६० बाइटच्या ४ तुकड्यांची, ५८४० बाइटची. पुण्यात टेबलावर, एका हाताच्या केबलवर, पोच इतकी चटकन येते की ती कधी भरत नाही. गावातली लाइट गेली की जवळचा टॉवर मान टाकतो, मोडेम डोंगरापलीकडचा टॉवर शोधतो, पोच यायला पाऊण सेकंद लागतो. ५१२ बाइटचे ११ तुकडे म्हणजे ५६३२. बाराव्यातले २०८ बाइट मावतात, उरलेल्यांसाठी थांबणं आलं. काकांनी जनरेटर आणि उसासा यांचं नातं बरोबर ओळखलं होतं. दोघांचाही बाप एकच, ती गेलेली लाइट.

म्हणून आता मला टेबलावरच्या चाचण्यांचा राग येतो. त्या चालतं का ते बघतात. थांबतं का ते कोणी बघत नाही. त्यानंतर मी आमच्या सगळ्या चाचण्यांत लिनक्सच्या नेटेम या नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने ८०० मिलिसेकंदांचा उशीर घातला. पुण्यातला एक सहकारी म्हणाला, एवढं वाईट नेटवर्क असतं कुठे? त्याला मी मांगरातला फोटो पाठवला. तो फोटो पोचायलाही बराच वेळ लागला.

दुरुस्ती तीन ओळींची झाली. शून्य आलं तर फ्रीआरटीओएसचा सगळ्यात मोठा उशीर द्यायचा, नाहीतर मिलिसेकंदांच्या टिका करायच्या, आणि त्या शून्य होत असतील तर निदान एक. तिथेही मेख आहेच. तो सगळ्यात मोठा उशीर 'कायम' ठरतो तो फक्त काम झोपवून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू असेल तर. ती बंद असेल तर तो खरोखरच एक मोठा आकडा उरतो, आणि सेकंदाला १००० टिक असतील तर ते 'कायम' ४९ दिवस १७ तासांनी संपतं. आमच्याकडे ती चालू आहे. दोनदा पाहिलं. मग चहा पिऊन तिसऱ्यांदा पाहिलं.

पुढच्या रात्री परत लाइट गेली, कोकणाने चाचणीची सोय आपण होऊन केली. २ वाजता ९० तुकडे गेले. बाराव्यापाशी पेटी थांबली, पोच आली, पुढे निघाली. चाक फिरत राहिलं. काका गोधडीतून म्हणाले, "थांबला काय गो?"

"थांबला, म्हणूनच चालला."

ते कुशीवर वळले. त्यांना या उत्तरात काही विशेष वाटलं नाही.

सकाळी निघताना पडवीतलं कालनिर्णय उतरवलं. पेटीच्या मिलिसेकंदांचा काटा ३२ बिटांचा आहे. त्या ४९ दिवस १७ तासांनी तो भरून पुन्हा शून्यावर येतो. एलडब्ल्यूआयपीचे टायमर तो वळसा ओलांडतात, तशी त्यांची वजाबाकीच आहे. टेबलावर मी काटा मुद्दाम वळशाच्या पाच मिनिटं आधी लावून पाहिला होता, तेव्हाही काही झालं नव्हतं. पण एरेटरच्या वेळापत्रकाचा कोड माझा आहे, आणि टेबलाचं मला आता फारसं पटत नाही. पेटी सुरू केल्याची वेळ धरून बोटांवर मोजलं, आणि एका तारखेभोवती पेनने गोल केला.

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "ह्या काय? गणपतीत कामा काढू नको हां."

त्या चौकोनात त्यांच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, 'भजन, वरची वाडी, रात्री ९'.